दुसरी खाच

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत, जिना चढून डावीकडे,
डिझेलच्या पावत्या छापणारा एकच कॉम्प्युटर आहे.
मंगळवारी मीच त्याला नवा प्रोसेसर बसवला,
चार-चारच्या दोन जुन्या काड्या काढून
आठ-आठच्या दोन दिल्या,
बिलावर 'सोळा जीबी' ठसठशीत लिहिलं
आणि पावणेसहाची एसटी धावत पकडली.

शुक्रवारी सेक्रेटरी पावसेंचा फोन :
"मुकादम मॅडम, तुमचे सोळा इथे आठच दिसतायत.
बाकीचे दापोलीच्या घाटात सांडले का?"

पुन्हा जिना. पुन्हा डावीकडे.
दोन्ही काड्या बाहेर काढल्या,
ओळखू याव्यात म्हणून एकीवर पेनने टिकली काढली,
सोनेरी दातांवरून शाळेतला खोडरबर फिरवला.
टिकलीवाली पहिल्या खाचेत : चालू.
बिनटिकलीची पहिल्या खाचेत : चालू.
टिकलीवाली दुसरीत : तीन लांब शिट्ट्या, पडदा काळा.
बिनटिकलीची दुसरीत : त्याच तीन शिट्ट्या.
पिशवीतली जुनी चाराची काडी लावून पाहिली,
सोमवारपर्यंत ती याच खाचेत सुखाने नांदत होती.
तिलाही ओळख दिली नाही.

"खारी हवा," मी पावसेंना म्हटलं.
इथे हे वाक्य कुणालाही पटतं.
बिजागऱ्या, सायकलची चेन, पंख्याची पाती,
लग्नाच्या फोटोमागचा खिळा,
सगळ्यांचं पाप समुद्राच्या खात्यावर,
आणि तो कधी हिशेब मागायला येत नाही.
पावसेंनी मान हलवली, नव्या बोर्डाचा आकडा विचारला.
मी सांगितला. जरा घाईनेच सांगितला.

बाकावर धाकू तांडेल सकाळपासून बसलेले,
पायांत दोन रिकामे कॅन.
हाताने लिहिलेली पावती पंपावर घेत नाहीत
आणि छापणारा तर टेबलावर पोट उघडून पडलेला.
ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.
एकदाच उठले, खिडकीतून धक्क्यावरच्या पोरावर ओरडले :
"अरे दोर सोड थोडा! भरती चढतेय.
एवढा आवळलास तर कडंच उपटून येईल!"
आणि परत बसले.

मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तशीच उभी.

मंगळवार. साडेपाच वाजलेले.
कूलरचे चार पेच. निसटायला नकोत,
रोज कोण येणार इतक्या लांब,
म्हणून प्रत्येकाला एक जादा पीळ,
त्यावर आणखी अर्धा, मनगटाने.

मोबाइलची बॅटरी बोर्डाला चिकटवून आडवी धरली.
उजेड मधोमध अडला.
केसभरच, पण बोर्ड वाकला होता,
आणि प्रोसेसरच्या पोटाखालच्या शेकडो पिनांतल्या
चार-दोन, नेमक्या मेमरीकडे जाणाऱ्या,
टेकतच नसाव्यात.

समोरासमोरचे पेच, अर्धा फेरा मागे.
मग उरलेले दोन. मग पुन्हा पाव.
बटण दाबलं. पंखा फिरला.
एकच शिट्टी, आखूड.
१६३८४.
मी तो आकडा दोनदा वाचला,
बोटीवरून उतरलेल्या टोपल्या मोजतात तसा, बोट लावून.

"बोर्ड नको," मी म्हटलं.
"मग हवा?"
"हवा नव्हती."
पावसेंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही,
ते मला जास्त लागलं.

रिपोर्टच्या 'कारण' रकान्यात लिहिलं :
पेच प्रमाणाबाहेर आवळले गेले.
वाचलं. खोडलं.
वर बारीक अक्षरात लिहिलं :
मी आवळले.
रकमेच्या जागी आडवी रेघ.

प्रिंटर कुरकुरला, पावती बाहेर आली.
तांडेलांनी शिक्का ओला आहे का ते अंगठ्याने पाहिलं,
कॅन उचलले आणि जिना उतरले,
आपण काय करून गेलो याचा त्यांना पत्ता नाही.

खाली एसटीचा हॉर्न वाजला, दोनदा.
मी कॅबिनेटचं झाकण लावत होते,
चारही स्क्रू, बोटांनी, पुरेसे.
गेली एसटी.
जाऊ दिली.