सहा-एक, सहा-दोन

इत्सेल बारागान,
काल माझ्या भाच्यानं तुला मोबाइलवर शोधून काढलं.
अकरा वर्षं. चारशे बारा सामने.
सर्वोत्तम क्रमांक दोनशे सत्त्याऐंशी,
दुहेरीची दोन विजेतेपदं, एकेरीचं एकही नाही.
बक्षिसांची बेरीज त्यानं रुपयांत करून पाहिली,
म्हणाला, आत्या, एवढ्यात विमानाची तिकिटं तरी सुटली असतील का?

यादी खाली सरकवत सरकवत
तो एका डिसेंबरात आला. नाशिक, पहिली फेरी.
माझ्या आडनावात एक अक्षर कमी.
गायधनीचं गाधनी.
आमच्या प्रेसमध्ये असं छापलं गेलं असतं
तर यंत्र थांबवून शीट बाजूला काढली असती.

तेव्हा मी एकोणीस,
आयोजकांच्या मेहेरबानीनं आत घेतलेली,
दादांनी ओझरहून अर्धी रजा टाकून स्कूटरवर सोडलेली.
तू एर्मोसियोहून, तीन विमानं आणि एक एसटी बदलून,
पायमोजे हातांत चढवून बसलेली.
निफाडात त्या रात्री पारा पाचावर होता
आणि तुला कुणीतरी सांगितलं होतं, भारत म्हणजे ऊन.

पहिला सेट बावीस मिनिटांत.
तुझा फोरहँड मातीवरून उसळून खांद्याशी यायचा
आणि माझी रॅकेट अजून कमरेशीच असायची.
दुसऱ्यात पाच-एक, सर्व्हिस माझी, मॅच पॉइंट तुझा.
तुझा चेंडू रेषेपाशी पडला.
पंचांनी निकाल दिला. दादांनी पाण्याची बाटली पिशवीत घातली.
मी हात मिळवायला जाळीकडे निघालेसुद्धा.

तू मात्र जाळीला वळसा घालून माझ्या बाजूला आलीस,
वाकलीस, लाल मातीतली खूण बघितलीस.
बाहेर, म्हणालीस,
आणि बुटाच्या टाचेनं खूण पुसून टाकलीस.
तो गेम मग मी घेतला. नऊ मिनिटं लागली.
पुढचा तुझाच होता, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

नंतर फाटकाबाहेर पेरूवाला.
मी तुला सांगणार, तिखट जपून,
तर तूच बोटानं खुणावत राहिलीस, अजून, अजून.
आमच्याकडे आंब्यालाही लावतात, काकडीलाही, म्हणालीस.
तुझं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून जमलं.
तुझी आई द्राक्षांच्या शेडमध्ये घड निवडायची.
माझी मावशी पिंपळगावात तेच करायची,
कात्रीनं, एकेक सडका मणी.
तू पासपोर्ट दाखवलास:
शिक्क्यावर शिक्के, एक पान सुटं झालेलं.
एवढा वापरलेला पासपोर्ट मी पुन्हा पाहिला नाही.

कोरे मात्र रोज पाहते.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अठरा वर्षं झाली,
पानं मोजते, शिवण तपासते.
माझा स्वतःचा काढायचा राहिला.

तुझं पुढचं मी रात्री एकटीनं वाचलं.
अंताल्या, कैरो, पुन्हा अंताल्या,
एक अख्खं वर्ष कोरं,
मग लिओन, पात्रता फेरी, तीन-चार असताना रिटायर्ड.
कोपर गेलं? पैसे संपले? घरून फोन आला?
यादीत तेवढी जागा नाही.
आमच्याकडे या शब्दाबरोबर शाल येते, श्रीफळ येतं,
साहेबांचं भाषण येतं, त्यात बाईंचं नाव चुकतं.
तू बहुतेक तुझी बॅग तूच उचललीस.

भाचा विचारतो,
म्हणजे तू तीन गेम घेतलेस तिच्याकडून?
दोन, मी म्हणते.
तो पुन्हा स्क्रीन बघतो, बोटांवर मोजतो,
एक आणि दोन. तीनच होतात, आत्या.

अंगणात त्याचा चेंडू पडला होता, ओल्या मातीत.
चेंडू उचलला,
आणि खाली उरलेला गोल चपलेनं पुसत
मी त्याला म्हटलं, चल, आत.