अठ्ठ्याण्णव अंशांच्या अलीकडे

उद्यमनगरात अब्बांच्या शेडमध्ये एक हिरवी टाकी आहे.
तिच्यात सायकलींची हँडलं, नळांच्या तोट्या, देवघरातल्या घंटा
तांब्याच्या तारेला लटकून बुडतात
आणि वीस मिनिटांनी तोंड दिसेल इतक्या चकाकून वर येतात.
आम्ही शिकलगार. आधी तलवारी, मग कात्र्या, मग निकेल.
अब्बांच्या बोटांच्या बेचक्यांत बारा महिने खाज.
निकेल एकदा कातडीला भेटलं की ओळख ठेवतं.

मीही निकेलच घेतलं.
विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर, चमचाभर,
तोच हिरवा रंग, फक्त वजन चार दशांशांपर्यंत.
मेथॅनॉलमध्ये विरघळवायचं, त्यात लिगँड,
दोन थेंब अमाइनचे, कुजक्या मासळीच्या वासाचे,
कुपीच्या तोंडाला पॅराफिल्म, पॅराफिल्मला सुईनं तीन भोकं,
आणि मग हात काढून घ्यायचा.
हात काढून घेणं हीच खरी कृती;
वहीत तेवढी कुणी लिहीत नाही.

सतरा कुप्यांत चिखल झाला.
अठरावी मी खिडकीत विसरले, बेंदराच्या सुट्टीत.
परत आले तर फरशी पुसता पुसता शिदगोंडामामा थांबलेले:
"मॅडम, हिच्यात साखर पडलीया. हिरवी."

चार निकेल, चार ऑक्सिजन, एकाआड एक,
घनाचे आठ कोपरे.
कुणी ओळंबा धरला नाही, कुणी सूत लावलं नाही.
जोतिबाला निघालेल्या टेम्पोत
शेवटचा माणूसही कुठंतरी बसतोच,
आणि तो बसल्यावर कळतं, जागा तेवढीच होती.

अब्बांनी कुपी ट्यूबलाइटखाली धरली.
खिशातून लोहचुंबक काढलं,
जुन्या स्पीकरमधलं, सांडलेले स्क्रू वेचायचं,
आणि काचेला लावलं.
"चिकटंना की."
असं नाही चिकटत, अब्बा. थंड करावं लागतं.
शून्याच्या खाली दोनशे एकाहत्तर.
"तिथं कोण बघाय जातंय?"
मशीन. चेन्नईला.

मग मी त्यांना कोन सांगितला, तोटीच्या डब्यावर खडूनं काढून.
निकेल निकेलशी थेट बोलत नाही,
मधल्या ऑक्सिजनकरवी बोलतं.
तिथला कोन अठ्ठ्याण्णवच्या अलीकडे राहिला
तर दोघं एकाच दिशेला तोंड करतात.
पलीकडे सरकला, तर एकमेकांच्या उलट.
दोन-तीन अंशांचा मामला.
दार लागतंय का घासतंय, एवढाच.

अब्बा हसले नाहीत.
पत्र्यापलीकडे दस्तगीरचाचा बफिंग करतात, अब्बांचे सख्खे भाऊ.
नऊ वर्षं सगळं चहाच्या पोराकडून चालतं:
त्यांना सांग, मोटर बंद कर म्हणावं.
त्यांना सांग, करत नाही म्हणावं.
पोरगं ग्लासं वाजवत जातं, ग्लासं वाजवत येतं.
पहिला पोरगा लग्न होऊन पुण्याला गेला,
हा दुसरा.

मंगळवारी आलेख आला.
थंडी वाढेल तशी रेघ चढायला हवी होती,
सरांनी अनुदानाच्या अर्जात तसं लिहून टाकलंय.
रेघ उतरली. उतरत उतरत
जवळजवळ जमिनीला लागली.
कोन तपासला: एकशे एक.
सर म्हणाले, लिगँड बदलू.
मी म्हटलं, हो सर,
आणि एकोणिसाव्या कुपीला दोनच भोकं पाडली.

संध्याकाळी शेडवर गेले.
अब्बा म्हणाले, "मग? काय निघालं?"
म्हटलं, बेरीज शून्य.
"म्हंजे आत कायच न्हाई?"
नाही हो, सगळं आहे.
आठ एकटे इलेक्ट्रॉन आहेत, एकही गेलेला नाही,
चार असे, चार तसे.
जोर सगळा आतल्या आत.
म्हणून बाहेरून चुंबकाला पत्ता लागत नाही.

अब्बांनी टाकीचा करंट बंद केला.
घंटा बाहेर काढली, पाण्यात बुचकळली,
वाजवून नाही बघितली.
मग पोराला हाक मारली: "दोन हाफ. एक पलीकडं दे."
"आणि काय सांगू?" पोरानं विचारलं.
अब्बा बोटांची बेचकी खाजवत राहिले.
पत्र्यापलीकडची मोटर
चालूच होती.