अकरा मिनिटं

नाशिकरोडला, दत्तमंदिर स्टॉपच्या मागे,
पाटणकर प्रसूतिगृहातला संगणक
अकरा मिनिटं पुढे होता.
कधीपासून, कोण सांगणार.
गेल्या दिवाळीत बॅटरी बसली तेव्हा कुणीतरी
भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून
वेळ टाकली होती,
आणि ते घड्याळ कुणाकडे बघून लावलं होतं
हे भिंतीलाही माहीत नव्हतं.

मी कॅबिनेट उघडलं. धुळीत
एक झुरळ, हिरव्या बांगडीची काच,
आणि रुपयाएवढी मेलेली बॅटरी.
नवी बसवली. माझ्या मोबाइलचं नेट जोडलं,
दूरच्या कुठल्याशा सर्व्हरला विचारलं, किती वाजले?
त्याचं उत्तर आलं,
आणि उत्तर यायला जो वेळ गेला
तोही मशीननं हिशेबात धरला.
इतकं काटेकोर मी फक्त वडिलांना पाहिलंय.
प्रेसमध्ये नोटा मोजायचे दिवसभर,
घरी आले की कोथिंबिरीच्या काड्या.

पुढे गेलेलं घड्याळ मागे आणायच्या दोन रीती.
एक, सेकंदामागे अर्धा मिलिसेकंद
खरवडत जायचं, कुणाला चाहूल न लागू देता.
अकरा मिनिटांना त्यात पंधरा दिवस लागतात.
दुसरी, उडी.
मला एक वाजता देवळाली कॅम्पात प्रिंटर बघायचा होता.
बारा एकोणचाळीसचे
बारा अठ्ठावीस झाले.

सिस्टर एस्तेर कोपरानं दार ढकलत बाहेर आल्या.
"जाखोरीची धात्रक. जुळं.
मुलगा मघाशीच टाकलाय, बारा सदतीस.
आता मुलगी लिहा, बारा..."
आणि पडद्याकडे बघत राहिल्या.
"एकतीस?"

मी बॅटरीचं रिकामं पाकीट वाचत बसलो.
त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, धाकटी थोरली केलीत की तुम्ही."
मग आवाज खाली आणून,
"आणि दिवाळीपासूनची दोनशे सात?
आमच्यात पत्रिका नसते, पण ही माणसं
इथून थेट गुरुजींकडे जातात.
अकरा मिनिटांत लग्न बदलतं म्हणे."
मी म्हणालो, बॅटरी हळूहळू बसत जाते, सिस्टर,
दिवाळीतलं मूल दोन मिनिटं चुकलं असेल,
होळीतलं सहा.
कुणाचं किती, आता काढता येणार नाही.

आतून वैजयंता धात्रकचा आवाज आला,
दमलेला, पण चांगलाच चिडलेला:
"पुढं कोण आलं ते मला इचारा ना!
मी हितंच होते."

सिस्टरनी कागदी रजिस्टर ओढलं,
सदतीस खोडून सव्वीस केले, बाजूला सही.
आधीची पानं अंगठ्यानं फरफर उलटून पाहिली,
आणि तशीच मिटली.

बिलात मी बॅटरी लावली, पस्तीस रुपये.
वेळ लावण्याचे पैसे लावायला
हात झाला नाही.

बाहेर वीस मेचं ऊन.
वडील म्हणायचे, घड्याळातले बारा मिर्झापूरचे,
नाशिकचे बारा मागाहून येतात, पायी.
या दिवशी ते आम्हा पोरांना गच्चीत उभं करायचे
आणि सावली पायांत शिरेपर्यंत
हलू द्यायचे नाहीत.
बारा एकतीस, कधी बत्तीस.

मोबाइलमध्ये पाहिलं, बारा पन्नास.
माझी सावली बुटाखालून
बोटभर बाहेर आली होती.
देवळालीहून दोन मिस्ड कॉल.