रकाना सातवा

व्होरूच्या पालिकेतून फोन आला तेव्हा
बाहेर उणे एकोणीस, आणि माझी कॉफी निवलेली.
"वाइकेबाईंना सरपणाच्या मदतीचं पत्र नाही,"
हेइती म्हणाला. "एकशे बारा घरांना नाही."
मी म्हणाले, चाचण्या तर सगळ्या हिरव्या आहेत.
तो काही बोलला नाही.

नियम साधा होता: ज्यांचं घर विजेवर तापत नाही, त्यांना पत्र.
मी तसाच लिहिला, एका ओळीत,
घर, टिंब, ऊब, 'वीज' नसलेली सगळी.
जणू खाली तक्ते नव्हतेच कुठे,
नुसत्या वस्तू, हात लांबवला की मिळणाऱ्या.

चाचणीसाठी तीन खोटी घरं बांधली होती:
एकात वीज, एकात गॅस, एकात काहीच नाही.
मेमरीतल्या यादीनं मान डोलावली.
काहीच नाही म्हणजे वीजही नाही, उघडच आहे.
माझ्या भाषेत उघड होतं.

डेटाबेसकडे तिसरं उत्तर असतं.
नलला विचारा, तू वीज आहेस? ठाऊक नाही.
वीज नाहीस ना मग? ठाऊक नाही.
बरं, तू तुझ्याबरोबर तरी सारखा आहेस?
तेही ठाऊक नाही.
आणि दारावरचा शिपाई फक्त 'हो'ला आत सोडतो.

वीजवाले मागितले, वाइकेबाई बाहेर.
वीजवाले सोडून मागितले, तरी बाहेर.
दोन्ही याद्या जोडल्या तर गाव एकशे बारानं कमी,
आणि खोटं कुणीच बोललेलं नाही.

गणनेला गेलेली रेलिका सांगते,
सातवा प्रश्न होता, घर कशानं तापवता?
बाईंनी तिला चुलीजवळ बसवलं,
तिचे ओले मोजे वर वाळत टाकले
आणि म्हणाल्या, त्यात काय लिहायचं, दिसतंय की.
तिनं लिहिलं नाही.

रात्री ओळ दुरुस्त केली. चार शब्द वाढले.
नलपुढे बरोबरीचं चिन्ह चालत नाही,
कुणासारखा आहेस, हे त्याला विचारायचं नाही,
आहेस का, एवढंच.

शुक्रवारी हेइती पत्र घेऊन स्वतः गेला.
लाकडं ऑगस्टातच फोडून रचलेली.
बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली,
म्हणाल्या, कागद जाड आहे, पेटवायला बरा.

आता तिथं 'चूल' असं लिहिलंय.
एकशे अकरा रकाने अजून तसेच.
ते चार शब्द मी काढणार नाही.