धुरा

जिनिंगच्या काट्यावर रात्रपाळीला गाडी नसली
की मी मोबाइलवर जर्मन तलवारबाजी शिकतो.
साडेपाचशे वर्षांचं पुस्तक, कोणीतरी पान न् पान फोटो काढून ठेवलेलं:
तंग विजारीतले दोघे जण
पात्यावर पातं टेकवून उभे.
कोणी जिंकत नाही, कोणी हलत नाही
मी अंगठा सरकवेपर्यंत.

निसार पिंजाऱ्याने सरावाचा अंगरखा शिवून दिला.
सरकी काढलेला इथलाच कापूस, जाड थर, बोटभर अंतरावर टाके.
"मानसाले गादी शिवून रायलो का मी?"
मी सांगितलं, तिकडचे शिपाई चिलखताखाली असंच घालायचे,
त्याचं एक जुनं नाव अरबांच्या कापसावरून पडलं.
निसारने सुई दातात धरली.
"म्हंजे धंदा जुनाच हाय आपला."

वस्ताद डोमाजी नेवारे खाटेवरून पाहतात.
लाठी, बनेटी, भाला शिकवला त्यांनी अर्ध्या गावाला;
आखाड्यात आता सोसायटीचं खत असतं,
लाल मातीला युरियाचा वास.
मी विचारलं, "वस्ताद, अभ्यास धरायचा कुठून?
ह्या पुस्तकापासून?
की मडक्यांवर कुस्ती खेळणाऱ्या ग्रीकांपासून?
रोमचा शिपाई लाकडी खुंटावर हात बसवायचा,
त्याचं तर एकही चित्र मला सापडलं नाही.
अन् थांबायचं कुठं? बंदूक आली तिथं?
का बंदुकीच्या तोंडाला परत सुरी बांधली तिथं?"

त्यांनी चष्मा धोतराला पुसला,
चित्र डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं.
"ह्या उजव्याचा मांगचा पाय खोटा हाय.
चितारनारा कधी लढला नसन.
नाही त हा मानूस मरून रायला."

"पण कुठून, वस्ताद?"

"धुरा पायला ना वावराचा?
दरसाल नांगर बोटभर खाते.
ज्याचा नांगर, थो म्हनते धुरा इथंच होता."

मग बाही वर केली.
कोपराखाली वाकडं जुळलेलं हाड.
"अडुसष्ट साल. बंडीची उभारी, सख्ख्या भावाची.
वरून आली. म्या लाठी आडवी धरली, बराबर धरली."
थोडा वेळ ते खताच्या पोत्यांकडे पाहत राहिले.
"पन मांगचा पाय खोटा."

संध्याकाळी पऱ्हाटी उपटलेल्या वावरात
मी चित्रातल्या उजव्यासारखा उभा राहिलो,
हातात वेळू, अंगात निसारची गादी, घामाच्या धारा.
वस्तादांनी काठीच्या टोकाने
माझी टाच चार बोटं सरकवली.
ढेकूळ फुटलं. तेवढाच आवाज.
समोर स्वतः उभे राहिले, धोतर खोचून,
तो वाकडा हात पुढे.

"हान आता," म्हणाले,
"भावासारखा नोको."