बॅटरीवाल्याचा जबाब

नाव कायतान बस्त्याव सिद्दी. लिहा साहेब.
गाव लोंढ्याच्या अलीकडं, रानात.
बस फाट्यावर सोडते, पुढं ज्याचे त्याचे पाय.
हल्ली मुक्काम बेळगाव, टॉकीजच्या जिन्याखाली.
काम: अंधारात माणसाला त्याची खुर्ची दाखवणं.

"यावूर?" विचारलंत, सांगितलं.
"ते नव्हे, मूळचा कुठला?"
हा प्रश्न मराठी गल्लीत मराठीत येतो
आणि कन्नड गल्लीत कन्नडात.
तेवढ्यापुरता सीमेचा वाद मिटतो.

एक नोव्हेंबरला अर्धं शहर काळे सदरे घालून निघालं,
अर्ध्यानं लाल-पिवळे झेंडे लावले.
मी दोघांनाही वाट देऊन कडेला उभा,
तर एक पोरगं म्हणालं,
मामा, तुझा निषेध रोजचाच काय रे?
हसलो. पोरगं वाईट नव्हतं.

काल लागलेला पिक्चर शिळा,
इंग्लिशमधून हिंदीत आणलेला, ओरखड्यांनी भरलेली प्रिंट.
त्यात एक हेर. काळा.
आमच्या धाकट्या काकासारखा,
टोपी काढली की कपाळावर घामाचा वळ.
आजवर असल्या पिक्चरांत
अंधार कोपऱ्यात दबून बसायचा
आणि गोरा माणूस त्याला हुडकायचा.
इथं अंधारच हुडकायला निघालेला.
तो दारात आला की आतल्या बाया पर्स जवळ ओढायच्या.
तो ते बघायचा.
बघितलं असं दाखवायचा नाही.
तिथं मी बॅटरी बंद केली, साहेब.
म्हटलं, हे काम मला येतं.

खुनी सापडायला त्याला दोन तास लागले.
खालच्या रांगेतल्या एकाला मध्यंतरातच कळलेलं:
"ह्येनंच केलं असणार, बघ की."

बाल्कनी, एच रांग, चौदा नंबर.
बाईंची पर्स मध्यंतरानंतर गेली.
दिवे लागले. सव्वाशे तोंडं असतील.
पडदा समोर होता,
तरी सगळी मागं वळली, माझ्याकडं.

आता पाहिलं ते. खरं तर ऐकलं ते.
तेरा नंबरची खुर्ची दोनदा वाजली.
तिची स्प्रिंग मीच तारेनं बांधलीय.
अत्तराचा वास जिन्याकडं गेला, परत आला नाही.
बुटाला नाल होती.
वरून तिसरी पायरी फुटलीय, ती त्यानं न बघता ओलांडली.
तिकीट काढून येणारे तिथं अडखळतात.
फुकट येणारे नाहीत.
मॅनेजरसाहेब खिडकीबाहेर बघतायत, बघू देत.
त्यांचे मेव्हणे आज कुठं आहेत
हे विचारायचं काम माझं नव्हे.

विनोदी पिक्चरला कोण रडतं,
लग्नाआधी कोण कुणाचा हात धरून बसलं होतं
आणि नंतर कोण एकटंच येतं, सगळं ठाऊक आहे.
माझ्यासमोर कुणी लपवत नाही.
माणसं अंधारासमोर लाजत नाहीत.

एक राहिलं. पर्सशी संबंध नाही, नाही लिहिलं तरी चालेल.
पिक्चर संपताना लोक उठले होते,
सायकल स्टँडकडं पळापळ.
हेर गाडीत बसला. मागून पोलिसांची गाडी गेली नुसती,
ह्याच्यासाठी नव्हे.
ह्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले,
बोटं पसरून, दिसतील असे.
गाडी लांब गेली तरी काढले नाहीत.
रिकाम्या थिएटरात मी एकटा होतो ते बघायला.

आणि आत्ता बोलता बोलता लक्षात आलं,
तुमच्या ह्या टेबलावर
माझे दोन्ही हात कधीपासून तसेच आहेत.
कुणी ठेव म्हणालं नव्हतं.

खात्रीची गोष्ट असली
की तुम्ही म्हणता, काळ्या दगडावरची रेघ.
मग माझा शब्द पेन्सिलीनं का लिहिताय, साहेब?

अंगठा नको. सही येते.
लवकर करा जरा,
नवाचा खेळ आहे
आणि सेल भरायचे राहिलेत.