स्थगित

पावतीपुस्तक क्रमांक सात, निम्मं कोरं.
शेवटची पावती : जुळे सोलापूर, बारा मजले,
वाहतूक भार शुल्क, रक्कम अक्षरी.
मग ठराव आला एका ओळीचा,
पुढील आदेशापर्यंत वसुली स्थगित.
बिल्डरच्या माणसानं टेबलावर पेढे ठेवले.
मी एक खाल्ला. खोटं कशाला बोलू.

नरसव्वा दर सोमवारी येते,
विड्या कारखान्यात मोजून देऊन,
बोटांना तंबाखूचा वास.
नातवाच्या सायकलचं पुढचं चाक अजून वाकडंच.
होटगी रोडच्या वळणावरचा सिग्नल
याच पैशातून व्हायचा होता.
मीच दाखवला होता तिला
नकाशावरचा पेन्सिलीचा ठिपका.

आज म्हणालो, मावशी, स्थगित झालंय.
तिनं शब्द जिभेवर घोळवून पाहिला.
"म्हंजे थांबलं?
मग गाड्या बी थांबल्या की काय ओ?"

पंखा कुरकुरत होता.
मी तिचा अर्ज पुन्हा घेतला,
तारीख टाकली, आवक नंबर दिला.
दुसरं काय आहे माझ्याकडं द्यायला?

खिडकीतून दिसली,
इंद्रभुवनच्या फाटकाबाहेर,
पदर खोचून, एक हात वर करून.
पहिली रिक्षा थांबली.
मागचा खडीचा डंपर
हॉर्न दाबूनच होता.